हो म्हणाला की नाही म्हणाला? कानाला सारखे वाटणारे बोली इंग्रजी शब्द, नवीन लोकांसाठी

शाळेतलं इंग्रजी बरं असलेल्या माणसाला क्लायंटच्या कॉलवर मोठे शब्द अडवत नाहीत. डिपेंडन्सी, एस्कलेशन, इम्प्लिमेंटेशन सगळं कळतं. अडतं कुठे, तर समोरचा मधेच नाकातून ‘अंहं’ असं काहीतरी करतो आणि आपल्याला कळतच नाही की हा बाबा हो म्हणाला का नाही म्हणाला, आणि विचारावं म्हणेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

म्हणून हे लिहितेय. मुख्यतः अमेरिकन बोली धरून, कारण पुण्या-मुंबईत नव्याने नोकरीला लागलेल्यांना बहुतेक तिकडचेच कॉल असतात आणि शिकायला जाणारेही बरेच तिकडेच जातात. ब्रिटिश वेगळं असेल तिथे तसं सांगेन. शब्द सगळे देवनागरीतच लिहितेय, आणि जिथे स्पेलिंगनेच फरक पडतो तिथे अक्षरं सुटी करून देते, तेवढं सांभाळून घ्या.

सुरू करायच्या आधी एवढंच ठरवा, की ऐकून कळायला सगळे शब्द हवेत पण तोंडात मोजकेच असू द्यायचे. नवीन माणूस पहिल्याच महिन्यात सगळं ‘गॉना-वॉना-ब्रो’ करायला लागला की ते कानाला खटकतं. याउलट नीट ‘गोइंग टू’ म्हणालात तर कोणीही हसत नाही, खरंच नाही.

पायरी १: आधी हो आणि नाही वेगळे करा

‘येआ’, स्पेलिंग वाय-ई-ए-एच. याचा अर्थ हो, बास. अमेरिकेत हे बॉसलाही चालतं, प्रोफेसरलाही चालतं, त्यात उद्धटपणा काही नाही. फक्त व्हिसाच्या खिडकीवर, पोलिसाशी, कोर्टात, फोनवरच्या मशीनशी बोलताना सरळ ‘येस’ म्हणा, तिथे स्टाइल मारायची गरज नाही.

आता त्यातला एच काढला की उरतं वाय-ई-ए, आणि हा वेगळा शब्द आहे, उच्चार ‘ये’, म्हणजे ‘डे’शी यमक जुळेल असा. हा जुना ‘हो’, आता मुख्यतः मतदानात उरलाय. 1787 साली लिहिलेल्या अमेरिकन राज्यघटनेतच आहे की हजर सदस्यांपैकी एक पंचमांश लोकांनी मागणी केली तर कोण ‘ये’ आणि कोण ‘ने’ याची सभागृहाच्या जर्नलमध्ये नोंद करायची. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये याऐवजी ‘आय’ आणि ‘नो’ म्हणतात, आणि आपल्या लोकसभेतही तेच आलंय, ‘द आइज हॅव इट’ हे टीव्हीवर ऐकलं असेलच, ते डोळे नव्हेत. गंमत अशी की चॅटवर अर्धे अमेरिकन लोक स्वतःच एच गाळून वाय-ई-ए लिहितात आणि त्यांना म्हणायचं असतं ‘येआ’. तेव्हा वाचताना हो समजा, पण स्वतः लिहिताना एच लावा.

तिसरा ‘येय’, वाय-ए-वाय. उच्चार वरच्या ‘ये’सारखाच, पण हा आनंदाचा चित्कार आहे, हुर्रेसारखा. सोमवारी सुट्टी आहे, येय! कोणी विचारलं फाइल पाठवली का आणि तुम्ही वाय-ए-वाय टाइप केलंत तर समोरच्याला वाटेल की एक फाइल पाठवायचा याला एवढा कसला आनंद झालाय.

चौथा ‘या’, वाय-ए. आपल्याकडे चॅटवर सर्रास ‘हो’ म्हणून टाकतात. अमेरिकन माणूस मात्र आधी तो ‘यू’चा घासलेला प्रकार म्हणून वाचतो, ‘सी या’, ‘लव्ह या’ वगैरे. संदर्भाने कळतं त्याला, अगदीच आकाश कोसळत नाही, पण ऑफिसच्या चॅटवर ‘या या’ बघून त्याला ते जरा चमत्कारिक वाटणार. आपल्याला तर ते कोणीतरी दारात पाहुण्यांचं स्वागत केल्यासारखं वाटतं.

‘येप’ आणि ‘यप’ दोन्ही हो, ‘नोप’ म्हणजे नाही. यातला शेवटचा प ते पूर्ण फोडत नाहीत, ओठ मिटले की संपला शब्द, त्यामुळे खराब लाइनवर ‘ये’ आणि ‘नो’ एवढंच ऐकू येतं. व्हिडिओ चालू असेल तर ओठांकडे बघा. ‘ना’, एन-ए-एच, हा सैल नकार, आपल्या ‘नको रे’च्या जवळचा, मित्रांत ठीक, मॅनेजरने काम सांगितल्यावर ‘ना’ म्हणू नका.

याच्यापुढची जोडगोळी जरा डोकं फिरवणारी आहे. लोक ‘येआ, नो’ असंही म्हणतात आणि ‘नो, येआ’ असंही म्हणतात, तेही एका दमात. साधारण नियम असा की शेवटचा शब्द खरा. ‘येआ, नो, वी कॅन्ट डू दॅट’ म्हणजे तुझं ऐकलं, समजलं, पण नाही. ‘नो, येआ, टोटली’ म्हणजे छे छे काळजी करू नकोस, हो. आणि ‘येआ, राइट’ हे दोन शब्द सपाट सुरात, जरा लांबवून आले की तो होकार नसतोच, ते ‘हो का, बरं बरं’ असं टोमण्यातलं आहे. रिलीज शुक्रवारी होईल असं तुम्ही सांगितलंत आणि पलीकडून ‘येआआ, राइट’ आलं तर समजून घ्या की विश्वास बसलेला नाही.

पायरी २: नाकातले आवाज, इथेच आपण फसतो

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, त्यामुळे सावकाश वाचा.

मराठीत आपण मान हलवत ‘अंहं’ म्हणतो ते नाही म्हणून. आणखी भात वाढू का? अंहं. इंग्रजीत अगदी तसाच ऐकू येणारा एक आवाज आहे, यू-एच, मधे रेघ, एच-यू-एच, आणि त्याचा अर्थ चक्क हो. म्हणजे मराठी कानाला जो नकार वाटतो तो त्यांचा होकार. आणि त्यांचा नकार वेगळा, यू-एच, रेघ, यू-एच, ज्यात ह नाहीच, दोन तुटक ‘अ’ आहेत आणि दोघांच्या मधे घसा क्षणभर बंद होतो. अ. अ. करून बघा, घशात काहीतरी अडल्यासारखं होईल, ते झालं तर बरोबर.

मग ओळखायचं कसं? दोन खुणा आहेत. पहिली, मधे ह ची हवा आली की हो, घसा तुटला की नाही. दुसरी खूण सुराची, आणि घाईत तीच कामाला येते. होकाराचा सूर खालून वर चढतो, नकाराचा वरून खाली पडतो. आपला मराठी ‘अंहं’सुद्धा नकार असल्यामुळे बहुतेक वेळा वरून खालीच पडतो की नाही बघा. म्हणजे सूर ऐकलात तर दोन्ही भाषांत उत्तर तेच येतं, घोळ फक्त ह मुळे होतो. तोंड मिटून केलेल्या आवाजांनाही हेच लागू, ‘म्-हम्’ चढत गेलं की हो, ‘म्-म्’ तुटक आणि पडतं की नाही.

याच कुटुंबातला तिसरा भाऊ, यू-एच, रेघ, ओ-एच, ‘अ-ओ’. घसा इथेही मधे बंद होतो पण हा हो-नाहीतला नाही, हा ‘अरे देवा, काहीतरी बिघडलं’ यातला. शेअर केलेल्या स्क्रीनवर लाल अक्षरं दिसली की हमखास ऐकू येतो.

हा घोळ फक्त आपलाच होतो असं समजू नका. अमेरिकेत वकील जबानीच्या आधी साक्षीदाराला बजावून सांगतात की मान हलवू नका, ‘अंहं’ करू नका, तोंडाने येस किंवा नो म्हणा, कारण शब्द न शब्द टाइप करणाऱ्या माणसाच्या कागदावर एका ह च्या फरकाने होकाराचा नकार होऊ शकतो. जिथे इंग्रजीच मातृभाषा आहे तिथे ही खबरदारी घेतात, तर आपण दोनदा विचारायला काय हरकत आहे. वाक्य पाठच करून ठेवा: ‘सॉरी, वॉज दॅट अ येस ऑर अ नो?’ लाजू नका, कोणी रागवत नाही.

अजून एक, आणि हे आपल्याकडून होतं. समोरचा बोलत असताना आपण ‘हं... हं...’ करत राहतो, म्हणजे ऐकतोय, चालू दे. इंग्रजीत एच-यू-एच, ‘हं?’, चढत्या सुरात म्हटलं की अर्थ होतो काय म्हणालात, कळलं नाही. मग तो बिचारा तेच वाक्य परत सांगतो आणि आपल्याला वाटतं हा सगळं दोन-दोनदा का सांगतोय. पडत्या सुरातला ‘हं’ म्हणजे ‘असं होय, अजबच आहे’. तेव्हा ऐकतोय हे दाखवायला ‘राइट’, ‘ओके’ किंवा चढता ‘म्-हम्’ वापरा, आणि तोही दर वाक्याला नको.

पायरी ३: नकारातला प्रश्न

शब्द बरोबर ऐकला तरी इथे पाय घसरतो. क्लायंट विचारतो, ‘सो यू डोंट हॅव द फाइल येट?’ आणि फाइल आलेली नाही. मराठीत आपण काय म्हणू? ‘हो, नाही आली अजून.’ म्हणजे तुझं म्हणणं बरोबर, या अर्थी हो. म्हणून नवीन मुलगा ‘येआ’ म्हणतो आणि गप्प बसतो. पलीकडचा गोंधळतो, कारण इंग्रजीच्या पद्धतीत फाइल नसेल तर उत्तर ‘नो’, असेल तर ‘येस’, प्रश्न उलटा असो की सुलटा.

उपाय सोपा आहे, एकट्या येस-नोवर कधी थांबायचं नाही, पुढे अर्धं वाक्य जोडायचं. ‘नो, वी डोंट हॅव इट.’ ‘येस, वी गॉट इट.’ अगदी सुरुवातीचा येस-नो चुकला तरी अर्ध्या वाक्याने सावरलं जातं.

‘डू यू माइंड’चंही तेच. ‘डू यू माइंड इफ आय रेकॉर्ड धिस?’ म्हणजे रेकॉर्ड केलं तर तुमची हरकत आहे का, तर परवानगी द्यायची असेल तर तर्काने उत्तर ‘नो’. पण स्वतः अमेरिकनही इथे ‘शुअर, गो अहेड’ म्हणून मोकळे होतात. तुम्हीही ‘गो अहेड’ म्हणा आणि तर्काच्या नादाला लागू नका.

पायरी ४: कॅन आणि कान्ट

हे बोली शब्द म्हणावेत का माहीत नाही, पण नुकसान सगळ्यात जास्त यानेच होतं म्हणून घेतेय. ब्रिटिश माणूस नकार ‘कान्ट’ असा आ लावून म्हणतो, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. अमेरिकन माणूस ‘कॅन्ट’ म्हणतो आणि शेवटचा ट गिळतो. मग आपण ट शोधत बसतो आणि तो सापडतच नाही.

ट शोधू नका, स्वर ऐका. होकारातला शब्द वाक्याच्या मधे आला की पार चिरडून जातो, ‘आय कन डू इट’, ‘आय क्न सेंड इट’, जोर पुढच्या क्रियापदावर. नकारातला मात्र पूर्ण ‘कॅ’ ऐकू येतो आणि जोरही त्याच्यावर. म्हणजे कन ऐकलं तर जमेल, स्पष्ट कॅन ऐकलं तर बहुतेक नाही जमणार. वाक्याच्या शेवटी ‘येस आय कॅन’ मध्ये होकारही पूर्ण येतो, पण तिथे आधीचा येस असतोच मदतीला.

आणि आता उलट बाजू बघा. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षर नीट उच्चारतो, ‘आय कॅन डू इट’ असं ठणठणीत म्हणतो, आणि अमेरिकन कानाला ते नाही जमणार असं वाटू शकतं! म्हणून होकार देताना ‘कन’ म्हणायची सवय करा, आणि नकार द्यायचा असेल तेव्हा सरळ ‘कॅनॉट’ म्हणा नाहीतर ‘आय वोंट बी एबल टू’.

पायरी ५: चिकटवलेले शब्द

गॉना, वॉना, गॉटा, हॅफ्टा, काइंडा, लेमी, गिमी, डनो. हे शिव्या नाहीत, अडाणी लोकांची भाषाही नाही. आपण ‘येतो आहे’चं ‘येतोय’ करतो आणि आपल्याला त्यात काही गैर वाटत नाही, तोच प्रकार. प्राध्यापकही असंच बोलतात, फक्त लिहीत नाहीत.

‘गॉना’ म्हणजे गोइंग टू, पण फक्त पुढे क्रियापद असेल तेव्हा. ‘आयम गॉना कॉल हिम’ बरोबर. ‘आयम गॉना पुणे’ साफ चूक, कारण तिथे खरंच जायचंय, तिथे ‘गोइंग टू पुणे’च. ही चूक आपल्याकडे फार ऐकू येते, अगदी वर्षानुवर्षं तिकडे राहिलेल्यांकडूनही.

‘वॉना’मध्ये दोन गोष्टी लपतात, वॉन्ट टू आणि वॉन्ट अ. ‘यू वॉना गो?’ म्हणजे जायचंय का, ‘यू वॉना कॉफी?’ म्हणजे कॉफी हवी का. आणि ‘ही वॉना’, ‘शी वॉना’ म्हणू नका, तिथे ‘वॉन्ट्स टू’च लागतं, गाण्यात ऐकलं असलं तरी.

‘गॉटा’ म्हणजे करायलाच हवं. उच्चारात ट राहत नाही, आपल्या ‘घोडा’तल्या ड सारखा ड होतो, ‘आय गॉडा गो’, म्हणजे मला निघायला हवं. आता याच्याच शेजारी ‘गॉचा’ बसलेला आहे, मूळ ‘गॉट यू’. त्याचा अर्थ समजलं, किंवा चेष्टेत ‘पकडलं की नाही!’. आणि तेच सुटं करून ‘आय गॉट यू’ म्हटलं की बहुतेक वेळा अर्थ होतो मी आहे ना, मी बघतो, जेवणाचं बिल आलं असेल तर मी देतो. एकाच मुळाचे तीन अर्थ, आणि वेगळं काढायला फक्त प्रसंग.

‘हॅफ्टा’ म्हणजे हॅव टू, व चा फ होतो. कोणी म्हणालं ‘वी हॅफ्टा पे’ तर वसुलीवाला आलाय असं समजू नका. तसंच हॅज टूचं ‘हॅस्टा’, यूज्ड टूचं ‘यूस्टा’, सपोज्ड टूचं ‘स्पोस्टा’. हे असे कोणी लिहीत नाही, फक्त कानासाठी माहीत असू द्या.

‘काइंडा’ आणि ‘सॉर्टा’ यांचा अर्थ थोडंसं, जरासं. पण ऑफिसात यांच्यापासून सावध राहा. अमेरिकन मॅनेजर वाईट बातमी मऊ करून देतो. ‘धिस इज काइंडा लेट’ म्हणजे थोडा उशीर झालाय असं नाही, उशीर झालाय आणि तो नाराज आहे. ‘आयम काइंडा कन्फ्यूज्ड’ म्हणजे तुम्ही पाठवलेलं काहीही कळलेलं नाही, परत पाठवा. नवीन मुलं ‘काइंडा’ ऐकून निवांत होतात, तेवढं करू नका.

‘लेमी’ आणि ‘गिमी’ दिसायला जुळे, वागायला अगदी वेगळे. ‘लेमी चेक’ म्हणजे बघून सांगतो, कुठेही चालतं, मस्त शब्द आहे, पहिल्या दिवसापासून वापरा. ‘गिमी’ म्हणजे ‘दे इकडे’, वरिष्ठाला म्हटलं तर उर्मट वाटतं. ‘गिमी अ सेकंद’ तेवढं सगळ्यांना चालतं. ‘डनो’ म्हणजे माहीत नाही, जरा बेफिकीर वाटतो, कामाच्या ठिकाणी ‘नॉट शुअर, लेट मी फाइंड आउट’ बरं. काही लोक तर शब्दच म्हणत नाहीत, खांदे उडवून मिटल्या तोंडाने तीन सुरांचं ‘म्-म्-म्’ करतात, तेही ‘डनो’च असतं.

‘शुडा, कुडा, वुडा’ म्हणजे शुड हॅव, कुड हॅव, वुड हॅव. करायला हवं होतं, करता आलं असतं, केलं असतं. ऐकायला ‘शुड ऑफ’ सारखं वाटतं म्हणून खुद्द तिकडचे लोक ओ-एफ लिहितात आणि ते चूकच आहे, त्यांचं बघून तुम्ही लिहू नका.

उरले ‘ट्रायना’, ‘आयमा’, ‘फिना’. ट्रायिंग टू, आयम गोइंग टू, आणि आता लगेच करणार आहे. यातला ‘फिना’ आणि ‘आयमा’ मुळात आफ्रिकन अमेरिकन समाजाच्या बोलीतून आलेत आणि तिथे त्यांचं स्वतःचं व्याकरण आहे. समजून घ्या, वापरू नका, आपल्या तोंडी ते नक्कल केल्यासारखं वाटतं. ब्रिटिशांचं ‘इनिट’, म्हणजे ‘इझन्ट इट’, पण त्याच खात्यात टाका.

पायरी ६: उद्गार

हे पटापट.

‘ऑ’, ए-डब्ल्यू-डब्ल्यू, किती गोड! बाळाचा फोटो आला की हेच. यातच ए-डब्ल्यू-ई लिहिलं तर तो वेगळा शब्द झाला, म्हणजे दडपून जाणं, थक्क होणं. बाळाच्या फोटोखाली तो लिहिलेला खूप दिसतो आणि तो चूक असतो. ‘ऑ, मॅन’ म्हणजे मात्र अरेरे, जमलं नाही. ‘आउ’, ओ-डब्ल्यू, लागलं. ‘इयू’, ई-डब्ल्यू, शी! कोणाच्या डब्यातल्या बोंबलाला हा शब्द ऐकू येऊ शकतो, मनाची तयारी ठेवा.

‘वाव’ आणि ‘वोअ’. पहिला कौतुकाचा. दुसरा मुळात घोडा थांबवायचा हुकूम, त्यामुळे त्यात अजूनही ‘थांब थांब’ असतं. ‘वोअ वोअ वोअ’ असं तीनदा आलं तर बोलणं थांबवा, समोरचा आक्षेप घेतोय, तारीफ करत नाहीये.

‘फ्यू’, पी-एच-ई-डब्ल्यू, सुटलो बाबा. ‘प्यू’, पी-ई-डब्ल्यू, कसला वास येतोय! एका एचचा फरक आहे आणि टाइप करताना तो नेमका राहतो.

‘अ’ आणि ‘अम्’ हे बोलताना अडखळण्याचे आवाज. ब्रिटिश पुस्तकांत ते ई-आर असे छापलेले असतात आणि आपण ते ‘एर’ वाचतो. त्यात र नाही, त्यांच्याकडे तो र उच्चारतच नाहीत, तो साधा लांबवलेला ‘अ’ आहे. ‘डअ’, डी-यू-एच, म्हणजे ‘एवढंही कळत नाही का’. मित्रात चालतं, ऑफिसात अजिबात नको. आणि इंग्लंडमध्ये दुकानदार ‘टा’ म्हणाला तर तो थँक यू म्हणतोय, ‘टाटा’ म्हणाला तर आपल्यासारखंच टाटा.

पायरी ७: मवाळ केलेल्या शिव्या

सारख्या आवाजाच्या शब्दांत हा एक मोठा गठ्ठा आहे आणि कोणी शिकवत नाही. शिवीचं पहिलं अक्षर धरायचं आणि पुढे निरुपद्रवी काहीतरी जोडायचं, असे हे शब्द. गॉडचं ‘गॉश’, जीझसचं ‘जी’ आणि ‘जीझ’, डॅमचं ‘डार्न’ आणि ‘डँग’, हेलचं ‘हेक’, आणि त्या एफवाल्याचं ‘फ्रीकिंग’. आपण ‘च्यामारी’ म्हणतो तेव्हा मूळ शिवी आठवत तरी असते का कोणाला, तसंच.

ऑफिसात ‘ओह शूट, आय फरगॉट’ म्हटलं तर कोणाची भुवई वर जात नाही. ‘व्हॉट द हेक’ हसत म्हटलं तर ठीक. ‘फ्रीकिंग’ मात्र मी टाळायलाच सांगेन, मवाळ असला तरी त्याच्यामागचा शब्द सगळ्यांना ऐकू येतो. आणि काही धार्मिक लोकांना ‘ओ माय गॉड’ही खटकतं, त्यांच्यासमोर ‘गॉश’ बरा.

इथेच आपल्या र्‍हस्व-दीर्घाचा मुद्दा येतो. मराठीत ‘शिट’ आणि ‘शीट’ बोलताना आपण फार फरक करत नाही. इंग्रजीत एक्सेल ‘शीट’चा ई ओढून लांब केला नाही तर काय ऐकू जाईल ते तुम्हाला कळलंच असेल, गोव्याच्या ‘बीच’चंही तसंच. हे दोन शब्द बोलताना ई नेहमीपेक्षा जास्तच लांबवा. आणि शंका असेल तर ‘फाइल’ म्हणा.

पायरी ८: लिहिताना

मेलमध्ये वरचं काहीही नको. चॅटवर येआ, येप, लेमी, काइंडा चालतात, तेही समोरच्याने आधी तसं लिहिलं असेल तर. बिकॉजचे तुकडे, म्हणजे सी-यू-झेड, सी-ओ-झेड आणि ब्रिटिश सी-ओ-एस, मित्रांना ठीक. अमेरिकेत झेडला झी म्हणतात, फोनवर नाव-आडनाव स्पेल करताना लक्षात ठेवा.

‘ओके’चं वेगळंच राजकारण आहे. हा शब्द 1839 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात चेष्टेतल्या चुकीच्या स्पेलिंगचं लघुरूप म्हणून छापला गेला आणि तिथून जगभर गेला. आज चॅटवर पूर्ण ‘ओके’ साधा, दोन वेळा के म्हणजे ‘बरं, कळलं’ आणि खेळीमेळीत, पण नुसता एकटा के टाकला तर समोरच्याला वाटतं हा चिडलाय. आपल्याकडे तो घाईतला होकार आहे, तिकडे तो तोडून टाकणारा आहे. दोन अक्षरं जास्त टाइप करा.

पायरी ९: सराव

कोणतीही अमेरिकन मालिका किंवा मुलाखत घ्या, इंग्रजी कॅप्शन लावा. हिंदी-मराठी सबटायटल नकोत, त्यात हे आवाज गाळलेले असतात. इंग्रजी कॅप्शनमध्ये ते अक्षरांत लिहिलेले दिसतात, म्हणजे कानाने ऐकलेला ‘म्-हम्’ डोळ्यांनीही पक्का होतो. यूट्यूबवर स्पीड 0.75 करून ऐका, त्याहून कमी केलं तर सूर बिघडतो आणि आपल्याला तर सूरच ऐकायचाय. यूग्लिश नावाची साइट आहे, तिथे ‘गॉटा’ किंवा ‘कान्ट’चं स्पेलिंग टाकलं की यूट्यूबवरच्या वेगवेगळ्या माणसांनी तो शब्द म्हटलेल्या क्लिपा एकामागून एक लागतात, अमेरिकन-ब्रिटिश वेगळे करूनही ऐकता येतात.

मग कॅप्शन बंद करा आणि फक्त हो-नाही मोजा. बाकी संवाद सोडून द्या, कोणी काय उत्तर दिलं एवढंच बघा, परत मागे जाऊन कॅप्शन लावून ताडून पाहा. चारचौघांत करायला हा प्रकार येडपटासारखा वाटतो हे मान्य, घरी दार लावून करा. बोलायला सुरुवातीला घ्यायचे ते ‘येआ’, ‘लेमी चेक’, ‘गॉचा’ आणि चिरडलेला ‘कन’, बाकीचे महिन्याभराने बघू. आणि कॉल संपताना ठरलेल्या गोष्टी तुम्हीच चॅटवर टाका, ‘जस्ट टू कन्फर्म’ म्हणून, कोण काय करणार, कधीपर्यंत, म्हणजे मधे कोणाचा ‘अंहं’ चुकीचा ऐकला असेल तर तिथल्या तिथे समोरचा सांगेल.